दोन प्रवासी आणि आमची ताई

आमच्या ताईला गणितातल्या माणसांची काळजी वाटायची. पुस्तकात दिलेलं असे, की अ गावाहून एक प्रवासी ताशी चार किलोमीटर वेगाने ब गावाकडे निघाला आणि त्याच वेळी ब गावाहून दुसरा ताशी तीन किलोमीटर वेगाने अ गावाकडे निघाला. दोन्ही गावांमधलं अंतर बेचाळीस किलोमीटर, तर ते किती वेळाने भेटतील? इतकं वाचून झालं की ताई पेन्सिल खाली ठेवायची. "बेचाळीस किलोमीटर चालत? यांच्याकडे एसटी नाही का गं?" मी म्हणायची, "ताई, एसटीचं काय घेऊन बसलीस, वेग बघ." ती वेग बघायची, पण तिचं मन त्या दोघांच्या पायांत अडकलेलं असायचं. शेवटी बेचाळीसला चाराने भाग, मग तिनाने भाग, असं करून ती दोन उत्तरं काढून बसायची आणि त्यातलं कुठलं लिहायचं ते मला विचारायची.

दहावीला बाकी सगळ्या विषयांत ती सुटली होती. गणितात दोनदा नापास. त्याचं खरं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी ते बोलत नसे. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते आणि ताई बारा-तेरा. सकाळी भाकऱ्या थापून, माझी वेणी घालून, बाबांचा डबा बांधून ती शाळेत पोचायची तोवर पहिला तास संपलेला असायचा आणि पहिला तास गणिताचा. बाबा बांधकाम खात्यात मैलकुली होते. आमच्या वाडीच्या फाट्यापासून खाली खाडीकडे उतरणारा सात किलोमीटरचा रस्ता त्यांच्याकडे होता. खड्डे बुजवायचे, मोऱ्या साफ करायच्या, आणि वर्षातून एकदा किलोमीटरच्या दगडांना चुना मारून त्यांवर काळे आकडे काढायचे. आकडे काढायला ते ताईला सोबत न्यायचे, कारण तिचं अक्षर चांगलं. फाट्यावरचा शून्य आणि खाडीकाठच्या गावाच्या वेशीवरचा सात, दोन्ही तिच्या हातचे. पुढे त्याच गावात तिचं लग्न झालं.

लग्न वैशाखात झालं. घरात बाबा आणि मी उरलो. पहिले दोन महिने आम्ही करपलेल्या भाकऱ्या आणि बिनमिठाचं वालाचं बिरडं खाल्लं, आणि बाबा प्रत्येक घासाला "बरं झालंय" म्हणत राहिले. मी नववीत होते. गणित मला येत असे; तीही ताईचीच करणी, कारण चुलीपुढे बसवून चिंचोक्यांवर बेरजा-वजाबाक्या तिनेच शिकवल्या होत्या. दिवाळीला ती माहेरी आली तेव्हा मला मागच्या पडवीत घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, "मी मार्चचा फॉर्म भरतेय. गणिताचा. तू शिकवशील मला?" तिच्या गावात बालवाडी चालवायला दहावी पास बाई हवी होती. आतापर्यंत तिथे बाहेरगावची एक बाई यायची आणि पावसाळ्यात खाडीचं पाणी चढलं की यायचीच नाही. ताईच्या सासूनेच विषय काढला होता म्हणे. ते मला खरं वाटलं नाही. त्या बाईची मला धास्ती होती. लग्नाच्या पंगतीत तिने भात कच्चा आहे म्हणून अख्खं पातेलं परत पाठवलं होतं आणि ते नेताना आचारी खाली बघत होता.

एसटी त्या रस्त्याला दिवसातून दोनदाच, सकाळी आणि तिन्हीसांजेला. भातझोडणीचे दिवस, ताईला पूर्ण दिवस घर सोडता येत नव्हतं. तेव्हा असं ठरलं, की रविवारी दुपारी ती तिकडून निघेल, मी इकडून, आणि मधे भेटायचं. तिसऱ्या आणि चौथ्या दगडाच्या मधोमध एक मोरी होती, तिच्या कठड्यावर करंजाची सावली पडायची. घड्याळ दोघींकडे नव्हतं. पण शेजारी रेडिओ दोन्हीकडे होता. दुपारच्या बातम्या संपल्या की निघायचं. मी सांगते, त्या दिवसांत देशात काय चाललं होतं ते मला एक अक्षर आठवत नाही, पण "बातम्या संपल्या" हे दोन शब्द ऐकताच चपला पायात सरकवून मी जी सुटायची, ती मोरीपर्यंत थांबायची नाही.

पहिले तीन-चार रविवार फार सुखाचे गेले. आम्ही दोघी जवळजवळ एकाच वेळी मोरीवर पोचायचो. ताई डब्यात काहीतरी आणायची, सुकटीची चटणी, तांदळाची भाकरी, एकदा नारळाच्या वड्या. आधी खाणं, मग गप्पा, मग गणित. खालच्या ओढ्यात कोणाची तरी म्हैस बसलेली असे, वरून भाताच्या पेंढ्याचा वास येई, आणि ताई समीकरणं सोडवता सोडवता मधेच विचारायची, "बाबा रात्री खोकतात का गं अजून?" समीकरणं तिला येऊ लागली होती. टक्केवारी आली. वयावरची गणितं तर तिला आवडायची, कारण त्यात आई असते आणि मुलगी असते. अडलं ते या दोन प्रवाशांपाशी.

मार्गशीर्ष लागला तशी ती उशिरा यायला लागली. मी मोरीवर पोचून वाट बघत बसायची, कंटाळायची आणि पुढे चालू लागायची. मग कधी चौथ्या दगडाशी, कधी त्याच्याही पुढे आमची गाठ पडायची. तिथे सावली नव्हती. "तू बातम्या संपल्यावर लगेच निघत नाहीस," असं मी म्हणायची. ती म्हणायची, "निघते गं. चालवत नाही हल्ली." मला वाटायचं, सासरी जाऊन ही आळशी झाली. चौदा वर्षांच्या पोरीला सगळं कळत असतं, फक्त समोरचं माणूस कळत नाही.

त्या रविवारी आम्ही पाचव्या दगडाजवळ, भर उन्हात, रस्त्याच्या कडेला मातीवर बसलो होतो. तेच गणित. मी तिसऱ्यांदा सांगत होते, की वेगांची बेरीज करायची, चार अधिक तीन सात, सातने बेचाळीसला भागायचं, उत्तर सहा तास. तिने विचारलं, "पण बेरीज का? एकाचा वेग दुसऱ्याला कसा मिळेल? तो तर तिकडे लांब आहे." आज चौतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाल्यावर मी सांगू शकते, की तिचा प्रश्न अगदी बरोबर होता, आणि त्याचं उत्तर त्या दिवशी मला येत नव्हतं. मला फक्त बेरीज करायची असते एवढंच माहीत होतं. येत नसलं की माणूस चिडतं. मी म्हणाले, "माझ्या वर्गातल्या पोरींना येतं हे. तुलाच कसं येत नाही? म्हणूनच दोनदा नापास झालीस."

ताईने वही मिटून पिशवीत ठेवली. डबा माझ्याकडे सरकवला, "सोडे घातलेत वांग्यात, खाऊन घे, परत जाताना उन्हात चक्कर येईल," म्हणाली, आणि उठून चालायला लागली. एक हात कमरेवर ठेवून ती हळूहळू वळणाआड गेली. मला तेव्हा ते सोंग वाटलं. मी डबा उघडला आणि त्यातलं मला काही गिळवेना.

तो आठवडा कसा गेला ते काय सांगू. बाबांना मी काही सांगितलं नाही. रात्री ताटावर बसले की मला ताईची पाठमोरी चाल दिसायची. पुढच्या रविवारी बातम्या संपण्याआधीच मी निघाले. मोरी आली, ताई नाही. चौथा दगड, नाही. पाचवा, नाही. मी थांबले नाही. मनाशी वाक्यं जुळवत होते, असं म्हणेन, तसं म्हणेन. सहावा दगड मागे पडला. इतक्या पुढे मी एकटी कधीच आले नव्हते. इथून खाडी दिसायला लागते, खारफुटीचा काळपट पट्टा आणि त्यापलीकडे नारळी-पोफळींचे शेंडे. आता ती येत नाही, म्हणजे येणारच नाही, कायमची, हे मी जवळजवळ नक्की केलं होतं.

उतारावरून एक बाई वर येत होती. लुगड्याचा काचा घट्ट, डोक्यावर फडक्यात बांधलेलं काहीतरी चौकोनी. जवळ आल्यावर ओळखलं आणि माझे पाय जागीच राहिले. ताईची सासू.

"धाकटी न्हवं तू?" त्यांनी विचारलं.

"हो मावशी."

"सूनबाय यायची न्हाय आज. ती बोलली, पोरगी वाट बघत बसंल, कुणाला तरी सांगावा धाडा. पोरं सगळी खळ्यावर. मंग म्हटलं, मीच जाते." त्यांनी डोक्यावरचं फडकं काढलं. आत ताईची वही होती. "ही दे म्हणाली. समदी उदाहरणं केलीत, एक सोडून."

मी कसंबसं विचारलं, "ती माझ्यावर रागावलीय का?"

"तुझ्यावर? कशापायी?" मावशींनी माझ्याकडे नीट पाहिलं. "दोन जिवांची हाय गं बाय ती. चवथा लागंल आता. काल अंगावरनं गेलं थोडं, तवा नर्सबायनी सांगितलंय, खाटेवरनं उठायचं न्हाय."

मी तिथेच रस्त्यात रडायला लागले. चालवत नाही म्हणत होती ती, आणि मी काय काय बोलले होते. मावशींनी मला जवळ घेतलं वगैरे नाही. त्या रस्त्याच्या कडेला उकिडव्या बसल्या, पदराने मान पुसली आणि म्हणाल्या, "रड. झालं की सांग, मंग घरी जाऊ. चुलीवर पेज ठेवून आलीय मी."

ताईच्या सासरी मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाऊल टाकलं ते असं, नाक सुजवून. ताई माजघरात खाटेवर आडवी होती. तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या आणि पायथ्याशी दोन उशा. मला बघून ती उठायला गेली आणि स्वयंपाकघरातून मावशींचा आवाज आला, "पडून ऱ्हा!" मी खाटेशी जमिनीवर बसले. जुळवलेली सगळी वाक्यं रस्त्यात कुठेतरी सांडली होती. मी एवढंच म्हटलं, "ताई, मी वाईट बोलले." तिने माझ्या केसांतून हात फिरवला. "तेल लावत नाहीस ना? बघ किती कोरडे झालेत." तिची माफी अशीच असायची. थोड्या वेळाने तिनेच वही मागितली. "ते एक राहिलंय. सांग परत."

मी पुन्हा सुरू केलं, अ गाव, ब गाव, चार आणि तीन. पुन्हा तिचा तोच प्रश्न, बेरीज का? मी पुन्हा अडले. तेवढ्यात मावशी पेजेची वाटी घेऊन बाहेर आल्या. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण सगळं ऐकलं होतं.

"काय इचारते ती?"

मी घाबरत घाबरत सांगितलं, दोन माणसं, एकमेकांकडे चाललीत, किती वेळाने भेटतील.

"मंग त्यात काय हाय? आज मी घरात बसून ऱ्हायले असते, तर तुला समदी वाट एकटीला तोडाय लागली असती. मी जेवडी चालले तेवडी तुझी वाट सरली. आन् तू चाललीस तेवडी माझी. मधली वाट दोगींनी मिळून खाल्ली." त्यांनी वाटी ताईच्या हातात दिली. "ही पण खा, थंड होईल."

ताई वाटी हातात धरून तशीच बसली. मग म्हणाली, "म्हणजे दर तासाला मधली वाट सात किलोमीटरने कमी होते. चार त्याच्या बाजूने, तीन हिच्या बाजूने." तिने गणितातल्या प्रवाशाला 'हिच्या' म्हटलं होतं. मी मान हलवली. "मग सरळ आहे की," ताई म्हणाली, आणि पेज प्यायला लागली. मला मात्र तेव्हा लाज वाटली, की आठ वर्षं शाळेत जाऊन मी बेरीज पाठ केली आणि ती कशाची बेरीज हे एका निरक्षर बाईने सांगितलं. पुढे वर्गावर मी हे गणित कितीतरी वेळा शिकवलं. कुठलंही पुस्तक न उघडता मावशींच्याच शब्दांत शिकवलं, फक्त 'खाल्ली'च्या ऐवजी 'कापली' म्हणायची, कारण पोरं हसायची.

ताईचं उठणं-बसणं दीड महिना बंद होतं. तेवढे सगळे रविवार मावशी आल्या. आम्ही मोरीवर भेटायचो. ताईने सोडवलेली उदाहरणं मी तपासून नवी लिहून द्यायची, त्या वही फडक्यात बांधून परत न्यायच्या. वही द्यायच्या आधी त्या मला एक तरी उदाहरण वाचून दाखवायला लावत. आणि हरकती घेत. "सहा तास चालून भेटली, आन् मंग? परत कवा जायची? अंधार पडंल." हौद भरणाऱ्या दोन नळांवर त्यांचं म्हणणं, की भरतंय तोवर पाणी सोडणारा तिसरा नळ उघडा कोणी ठेवला त्या माणसाला आधी शोधा. पौषात एकदा त्यांनी पोपटीतल्या वालाच्या शेंगा आणल्या, मडक्यात भाजलेल्या, भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास लागलेल्या, अजून कोमट. आम्ही दोघी कठड्यावर बसून त्या सोलून खात होतो, तेव्हा मी धीर करून विचारलं, "मावशी, लग्नात तुम्ही भात परत का पाठवलात?" त्या म्हणाल्या, "कच्चा होता म्हणून." झालं. इतके महिने मी त्यात नसतं नसतं शोधत होते.

परवा हे लिहिताना ताईला फोन केला. ती म्हणाली, दीड महिना नाही, महिनाच. शिवाय पेज नव्हती, तांदळाची खीर होती. मी म्हटलं पेजच होती. आमचं यावर एकमत झालेलं नाही. मी पेजच लिहिली आहे.

परीक्षेचं केंद्र तळे गावात होतं. नर्सबाईने एसटीने जायला परवानगी दिली, पण पुढच्या बाकावर बसून आणि सांभाळून. मावशींनी गाडीत चढतानाच ड्रायव्हरला बजावलं, "दादा, दमानं हाक. सुनेची परीक्षा हाय." तो बिचारा खरंच दमानं हाकत गेला, आणि मागचे उतारू ओरडायला लागले तसं त्यानेच त्यांना सांगितलं, "गप ऱ्हावा, आत परीक्षा हाय." तळ्याला बाबांच्या एका जोडीदाराकडे आम्ही उतरलो. मीही गेले होते, ताईची पिशवी धरायला.

पेपरच्या दिवशी ताईला बाकावर बसताच येईना. सहावा सरून सातवा लागलेला, आणि बाक-टेबल एकात ठोकलेलं. आजूबाजूला सोळा वर्षांची पोरं. काही हसली. ताई परत दाराशी येऊन उभी राहिली आणि तिचा चेहरा मला व्हरांड्यातून दिसला, ती आता मागे फिरणार असं मला वाटलं. तेव्हा पर्यवेक्षणाला आलेल्या बाईंनी शिपायाला हाक मारून शिक्षकांच्या खोलीतली एक खुर्ची आणि टेबल मागवलं, खिडकीशी लावलं आणि पोरांना म्हटलं, "आपापल्या पेपरात बघा." ताई बसली. घंटा झाली. मावशी समोरच्या आंब्याखाली फडकं टाकून बसल्या आणि पेपर सुटेपर्यंत तिथून हलल्या नाहीत. मी पाणी आणून दिलं तेही प्यायल्या नाहीत. "आत ती पीत असंल का?" एवढंच म्हणाल्या.

ताई बाहेर आली तेव्हा तिच्या मधल्या बोटावर शाई होती आणि पाय सुजले होते. मी धावत गेले. "आला होता का?"

"दोन मोटारी होत्या."

"मग?"

"मिळवले वेग."

"आणि?"

"आणि भेटल्या." ताई आंब्याच्या मुळावर टेकली. "कुठे भेटल्या ते विचारलं नव्हतं. मी तरी काढून ठेवलंय."

तिला मुलगी झाली आणि तीन आठवड्यांनी निकाल लागला. पाऊस जुना झाला होता, लावणीची घाई सुरू होती. शाळेतून गुणपत्रिका मी घेतली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली, ती पोटाशी ठेवून वर इरलं घेतलं आणि सात किलोमीटर चालत गेले. अंगणात पोचले तेव्हा मावशी पडवीत बाळाला पायांवर घेऊन तेल चोळत होत्या. मागच्या बाजूला ताई लंगोट पिळत होती, तिला मी आल्याचं कळलं नव्हतं.

"काय झालं?" मावशी म्हणाल्या.

"पास."

त्यांनी तेलाचे हात लुगड्याला पुसले, कागद मागितला आणि डोळ्यांजवळ नेऊन खूप वेळ बघितला. मग विचारलं, "हिचं नाव कुठं हाय?" मी बोट ठेवलं. "सासरचं लावलंय का माहेरचं?"

परीक्षेची नोंद लग्नाआधीची; फॉर्म पहिल्यापासून माहेरच्या नावाने भरलेला, त्यामुळे कागदावर ताईचं नाव, मग बाबांचं, मग आमचं आडनाव. त्यांच्या घराण्याचं एक अक्षर त्यात नव्हतं. खोटं बोलले असते तरी त्यांना वाचता येणार नव्हतं. मी म्हटलं, "माहेरचं."

मावशी कागदाकडे बघत राहिल्या. पागोळ्यांचं पाणी अंगणात पडत होतं, बाळ पायांवर हात-पाय झाडत होतं.

"बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "तुझ्या बापानं बिनआईची पोर दहावीपत्तूर आणली. नाव त्याचंच पायजे." त्यांनी कागद पुन्हा पिशवीत घातला, नीट घडी न मोडता, आणि माझ्या हातात दिला. "मी न्हाय सांगत तिला. तू जा. तू शिकवलंस, तूच दे."

मी मागच्या दाराने गेले. ताईने पाहिलं, हातातला लंगोट दोरीवर टाकला, आणि ओले हात पदराला पुसत पुसत माझ्याकडे यायला लागली.